डच ‘एक्स्प्रेस’ पत्र म्हणजे काय?

एकोणिसाव्या शतकातील डच लिफाफ्यावर ‘एक्स्प्रेस’ अशी नोंद दिसली, की ते पत्र एखाद्या खास जलद गाडीने गेले असावे असे बहुतेकांना वाटते. स्पीड पोस्टची सवय असलेल्यांचा असा समज होणे साहजिकच आहे. प्रत्यक्षात ते पत्र इतर टपालाबरोबर, त्याच रेल्वेने जाई. फरक पडे तो मुक्कामाच्या पोस्टात पोहोचल्यावर. साधे पत्र पोस्टमनच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबे. एक्स्प्रेस पत्र घेऊन मात्र खास जासूद (त्याच कामासाठी धाडलेला माणूस) लगेच निघे.

एकाच एसटीतून दोघे फाट्यावर उतरतात. एकजण वडापची वाट पाहत बसतो, दुसऱ्याला न्यायला भाचा मोटारसायकल घेऊन हजर असतो. तसेच हे.

ॲम्स्टरडॅम–हार्लेम ही नेदरलँड्सची पहिली रेल्वे 1839 मध्ये सुरू झाली. पुढे रेल्वेचे जाळे पसरत गेले, तसा शहराशहरांतला प्रवास तासांवर आला आणि खरा खोळंबा उरला तो पोस्ट ते दार एवढाच.

साध्या पत्राला 1852 मध्ये 30 किलोमीटरपर्यंत 5 सेंट, 100 पर्यंत 10 आणि त्यापुढे 15 सेंट पडत. 1871 पासून देशभर सरसकट 5. एक्स्प्रेसचे शुल्क याहून वेगळे. ते अंतराचे नव्हे, जासुदाच्या पायपिटीचे. त्यामुळे असा लिफाफा हाती आला तर आधी पोहोच-शिक्का (मुक्कामाच्या पोस्टाने मारलेला तारखेचा ठसा) पाहावा. प्रवासाचा वेग साध्या पत्राइतकाच दिसेल.