पिन दोन, बोली एक

दिवाळी आटोपली की भंडारा जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात. साकोली-लाखांदूरकडच्या गावांत दिवसा मंडई नाहीतर शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. उशिरा उघडलेला पडदा पहाटेपर्यंत मिटत नाही. नटाला टाळ्या मिळतात, पेटी-तबल्याला वाहवा मिळते. मंडपाच्या कडेला मिक्सरवर रात्रभर बोटं ठेवून बसलेल्या साऊंडवाल्याकडे मात्र कुणी वळूनही बघत नाही. आज आपण त्याच्याकडे जाऊ आणि थेट मिक्सरच्या पाठीमागे डोकावू, कारण गंमत तिथे आहे.

समजा, नाटक रेकॉर्ड करायचं आहे. मिक्सर बेहरिंगर एक्स-३२ सारखा डिजिटल असेल, तर त्याच्या पाठीवर तीन काड्यांची एक जागा दिसते, शेजारी लिहिलेलं असतं: एईएस/ईबीयू. या जाड पिनेला साऊंडवाले ‘कॅनन’ म्हणतात. लॅपटॉपला लावायच्या अनेक ऑडिओ इंटरफेसवर मात्र जुन्या डीव्हीडी प्लेअरवर असायची तशी आरसीए पिनेची जागा असते. तिचं नाव एस/पीडीआयएफ. एक पिन स्टुडिओची, दुसरी घरातल्या शोकेसमधली. पण दोघींच्या मध्ये बोटाएवढा अडॅप्टर बसवला, ज्यात ना बॅटरी ना चिप, की अख्खं नाटक एकीतून दुसरीत जातं. एकाही आकड्याचा बदल न होता!

हे जमतं, कारण दोघींच्या पोटातली बोली एकच आहे. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी आणि युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन यांनी व्यावसायिक कामासाठी ठरवलेलं मानक १९८५ साली प्रसिद्ध झालं. सोनी आणि फिलिप्स यांनी तीच रचना घरगुती यंत्रांसाठी घेतली. एस/पीडीआयएफ या नावातली पहिली दोन इंग्रजी आद्याक्षरं त्यांचीच. आज दोन्ही प्रकार आयईसी ६०९५८ या एकाच आंतरराष्ट्रीय मानकात नांदतात. नाटक तेच, मंडप वेगळा.

बोली आहे तरी कशी? आवाजाच्या प्रत्येक नमुन्यासाठी ३२ बिटांची एक ओळ. पहिल्या चार बिटांच्या जागेत ‘ओळ इथून सुरू’ अशी खूण, पुढच्या २४ जागा आवाजासाठी, शेवटचे चार बिट किरकोळ कारभारासाठी. डावा आणि उजवा असे दोन चॅनेल, सेकंदाला ४८,००० नमुने. गुणाकार करा: ३०,७२,००० बिट, दर सेकंदाला, मंडपातल्या एका वायरमधून.

खरी कमाल मात्र हे बिट लिहिण्याच्या पद्धतीत आहे. व्होल्टेज वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य, असं इथे नाही. प्रत्येक बिटाच्या सुरुवातीला व्होल्टेज पलटतं. बिट ‘एक’ असेल तर मध्यावर आणखी एकदा पलटतं. ‘शून्य’ असेल तर मध्ये काही घडत नाही. म्हणजे अर्थ पातळीत नाही, पलटण्यात आहे. त्यामुळे सोल्डर करताना दोन तारांची अदलाबदल झाली तरी निरोप जसाच्या तसा पोचतो! शिवाय सिग्नल वर-खाली सारखाच फिरत असल्यामुळे तो छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून सुखाने पार होतो. स्वस्त अडॅप्टरचा सगळा धंदा या गुणावर चालतो.

मग फरक कुठे आहे? एक तर कपड्यांत. कॅननवर दोन ते सात व्होल्टचा दणकट सिग्नल असतो, दोन तारांवर एकमेकींच्या उलट चालणारा, ११० ओहमच्या केबलमधून. आरसीएवर जेमतेम अर्धा व्होल्ट, ७५ ओहमच्या कोॲक्सियल केबलमधून. अडॅप्टरमधला ट्रान्सफॉर्मर ७५ आणि ११० यांचा मेळ घालतो. कॅननकडून आरसीएकडे जाताना काही रेझिस्टर लावून व्होल्टेजही खाली आणावं लागतं, नाहीतर छोट्या इंटरफेसवर जास्तीचा भार पडतो. उलट दिशेला काम सोपं: व्यावसायिक रिसीव्हरने ०.२ व्होल्टचा सिग्नलही वाचावा असं मानकच सांगतं, त्याला घरगुती अर्धा व्होल्ट बहुतेक वेळा पुरतो.

दुसरा फरक एका बिटाचा. कारभाराच्या बिटांतला एक बिट प्रत्येक चॅनेलमध्ये १९२ ओळींत मिळून एक छोटं ओळखपत्र तयार करतो. त्यातला पहिलाच बिट सांगतो: शून्य असेल तर मी घरगुती, एक असेल तर व्यावसायिक. हे ओळखपत्र सेकंदाला २५० वेळा दाखवलं जातं. अडॅप्टर त्याला हातही लावत नाही. बहुतेक यंत्रं तिकडे काणाडोळा करतात; क्वचित एखादं जुनं यंत्र ओळखपत्र पाहून अडून बसतं. अशा वेळी वायरला दोष देऊ नये.

आता एक शंका. ७५ ची गाठ ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट ११० शी बांधली तर? तिथे सिग्नलचं सुमारे १९ टक्के व्होल्टेज परत फिरतं, प्रतिध्वनीसारखं. ऐकायला भयंकर वाटतं. पण केबलमध्ये सिग्नल मीटरमागे पाच अब्जांश सेकंद घेतो. दोन मीटरच्या वायरीत जाऊन परत यायला त्याला वीस अब्जांश सेकंद लागतात, आणि दोन पलटण्यांमधलं कमीत कमी अंतर असतं १६३ अब्जांश सेकंद. पुढचं पलटणं येण्याआधी प्रतिध्वनी विरून गेलेला असतो. म्हणून टेबलावर हातभर वायरीला जुगाड चालून जातो, आणि तोच जुगाड स्टेजपासून मंडपाच्या टोकापर्यंत ओढला की आवाज तुटायला लागतो.

वायर जमली तरी घड्याळ जुळवावं लागतं, आणि घोळ बहुधा इथेच होतो. मिक्सर आणि इंटरफेस दोघांत वेळ मोजणारा आपापला क्रिस्टल असतो. त्यांच्यात दहा लाखांत फक्त दहाचा फरक धरा. सहा तासांच्या नाटकात १०,००० हून जास्त नमुने कमी-अधिक होतील, आणि रेकॉर्डिंगमध्ये दर दोन-एक सेकंदांनी ‘टिक’ उमटत राहील. उपाय फुकटचा आहे: दोन्हीकडे ४८,००० ठेवायचं आणि इंटरफेसला ‘बाहेरून येणाऱ्या घड्याळाप्रमाणे चाल’ असं सांगायचं.

टीव्हीच्या मागून लाल उजेड येतो तीही हीच बोली, फक्त प्रकाशात. १९८३ मध्ये तोशिबाने आणलेली ही प्लास्टिक फायबरची वाट. तिच्यातून अर्थिंगचा प्रवाह वाहत नाही, म्हणून जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात त्या जोडातून घरघर शिरत नाही. पण उजेडाची वीज करायला पाच व्होल्टवर चालणारी डबी लागतेच.

एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या या जिल्ह्यात मंडपातल्या साध्या आरसीए पिनेचं वरचं सोनेरी पाणी खरवडलं, तर आत बहुधा पितळच निघेल.

खरेदीला जाल तेव्हा एवढं बघा. कॅननवरून आरसीएवर जाणारी ॲनालॉगची साधी पिन दिसायला हुबेहूब या अडॅप्टरसारखीच असते. तिच्यात ना ट्रान्सफॉर्मर ना रेझिस्टर. अंगावर ‘११० ओहम – ७५ ओहम’ असं छापलेलं असेल तोच अडॅप्टर घ्या. आणि ही डिजिटल वायर चुकूनही माईकच्या जागी खोचू नका: तिथून नाटक ऐकू येणार नाही, आणि माईकसाठीचा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर चालू असला तर यंत्र बिघडूही शकतं.