गुलमर्ग की औली?

घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा बर्फ पाहायचा आणि मुलांनी स्कीइंग शिकून पाहायचे, हे यंदा नक्की झाले. मोठी मुलगी नववीत आहे. पुढच्या हिवाळ्यात दहावीची परीक्षा तोंडावर असेल. अम्मी सत्तरीला टेकल्या आहेत, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी रोजची. म्हणजे सगळे मिळून जायचे तर हाच हिवाळा, आणि साठवलेले पैसे एकाच सहलीपुरते आहेत. नावे दोनच पुढे आली, काश्मीरचे गुलमर्ग आणि उत्तराखंडचे औली. मुलगी गुलमर्गच्या बाजूने, पुण्याच्या आपा आणि दुल्हाभाई औलीच्या बाजूने. ही चर्चा आपल्या आणखी काही वाचकांच्या घरी चालली असेल, म्हणून आम्ही काय काय तोलून पाहिले ते लिहितो.

पहिली अडचण तारखांची. दोन्हीकडे बर्फाचा त्यातल्या त्यात भरवसा असतो तो जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. आम्ही पडलो शिक्षक. जानेवारीत स्नेहसंमेलन, २६ तारखेला झेंडावंदन, फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा. शिवाय रमजान आता फेब्रुवारीत येऊ लागला आहे आणि दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. उरतो डिसेंबरचा शेवटचा आठवडा, म्हणजे नाताळची सुट्टी आणि तिला जोडून किरकोळ रजा. काश्मिरात २१ डिसेंबरपासून 'चिल्ला-ए-कलां', कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, सुरू होतात. पण थंडी पडली म्हणजे बर्फ पडलाच असे नाही. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ वेळेवर पोहोचले तर बर्फ, नाही तर कोरडा गारठा. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची मैदाने बराच काळ उघडी आणि पिवळी पडलेली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथले खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले. औलीत तर स्पर्धा रद्द करण्याची पाळी आली आहे, आणि तीही कृत्रिम तळे बांधून, बर्फ तयार करणारी यंत्रे बसवून झाल्यावर.

म्हणून आम्ही उंची पाहिली. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथून गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, पहिल्या टप्प्यात कोंगडोरीला ३,००० मीटरच्या थोडे वर नेतो आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, दुसरा २००५ साली. खाली गवत दिसत असले तरी वर बर्फ मिळण्याची आशा राहते. औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान आहेत. खाली बर्फ नसला तर त्याहून वर नेणारी सोय नाही. डिसेंबरात जाणाऱ्याने हे आधी पाहावे, हॉटेलचे फोटो नंतर.

औलीची बाजू लंगडी आहे असे मात्र नाही. समोर ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर, कडेला झाडी, आणि नवख्या माणसाला पेलतील असे उतार. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी खेळ तिथे झाले. गढवाल मंडल विकास निगम तिथे ठरलेल्या तारखांना सात आणि चौदा दिवसांचे स्कीइंगचे वर्ग घेते. गुलमर्गलाही शासकीय प्रशिक्षण संस्था आहे, पण बहुतेक पर्यटक तासांवर किंवा दिवसावर स्थानिक शिक्षक घेतात, आणि तिथे भाव ठरवण्यातच निम्मी सकाळ जाऊ शकते. दुल्हाभाईंचे म्हणणे आम्हाला पटते: नीट शिकायचे असेल, गुडघे शाबूत असतील आणि जानेवारीनंतर रजा मिळत असेल, तर औली. आपा-दुल्हाभाईंना हे तिन्ही लागू आहे.

आमचे गणित अम्मींपाशी अडते. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग अशी दिवसभर घाटाची वळणे. पूर्वी जोशीमठहून औलीपर्यंत चार किलोमीटरचा रोपवे होता. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली, आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले, कितीतरी कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली, आणि रोपवेही तेव्हाच थांबला. आता वर जायचे ते रस्त्यानेच. "जीप करू की," दुल्हाभाई म्हणाले. अम्मी म्हणाल्या, "बाबा, जीप तुमची, पण कंबर माझी."

श्रीनगरहून गुलमर्ग पन्नास किलोमीटर. तंगमर्गपर्यंत रस्ता सोपा, पुढच्या तेरा किलोमीटरच्या चढावर बर्फ असेल तर चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. डॉक्टरांनी अम्मींना कोंगडोरीपर्यंत जायला हरकत घेतली नाही. दुसऱ्या टप्प्याला मात्र साफ नाही म्हणाले. इतक्या उंचीवर विरळ हवेत धडधाकट माणसालाही धाप लागते.

आता जे बोलायला जड जाते ते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनला २६ जण मारले गेले. त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा होते, आणि पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला स्थानिक घोडेवाला सय्यद आदिल हुसैन शाहही. आपांचा गुलमर्गला विरोध खरे तर यावरून होता. आम्ही तो हसण्यावारी नेला नाही. त्यानंतर अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवली गेली आणि टप्प्याटप्प्याने उघडली. निघण्याआधी काय उघडे आहे ते पुन्हा विचारायचे, आणि परिस्थिती बिघडली तर बेत सोडून द्यायचा, एवढे ठरवले. म्हणून परत न मिळणारे बुकिंग कुठेच केले नाही, थोडे महाग पडले तरी.

जाणे रेल्वेने. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मू, मग कटऱ्याहून श्रीनगरची वंदे भारत, जी जून २०२५ पासून धावते. चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंच पूल त्याच वाटेवर लागतो, त्यामुळे धाकट्याला विमान नसल्याचे दुःख उरलेले नाही. हिवाळ्यात धुके-बर्फाने श्रीनगरची विमाने रद्द होतात, हेही मनात होतेच.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडे. बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही; घरात एकाचे तरी पोस्टपेड असू द्या. गोंडोलाची तिकिटे ऑनलाइन काढायची असतात आणि लवकर संपतात. स्लेज ओढणाऱ्याशी बसण्याआधी बोलून घ्या, पण त्या थंडीत तो आपल्याला ओढून नेतो, हे घासाघीस करताना विसरू नका. वुजूच्या गार पाण्याची धास्ती असणाऱ्यांनी चामडी मोजे न्यावेत. वुजू करून ते चढवले की मुसाफिराला तीन दिवस-रात्र त्यांवर मसह करता येतो. आणि श्रीनगरला एक सकाळ हरीसासाठी राखा. रात्रभर शिजवून घोटलेले मांस आणि तांदूळ. आपल्या खिचड्याचा काश्मिरी भाऊच म्हणा ना.

आपा-दुल्हाभाई जानेवारीअखेर औलीला जातील. आमची यादी तयार आहे: गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याची पाच तिकिटे, दुसऱ्याची तीन. कोंगडोरीला अम्मींसोबत कोण थांबणार, यावर मात्र आम्हा दोघांत अजून एकमत नाही.