शेळीचे केस, तांब्याची तार आणि एक किडा

मूलकडच्या माणसाला तलावाची ओळख करून द्यावी लागत नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सारा मुलूख धानाचा आणि तलावांचा. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, पण मालगुजारांच्या काळातले तलाव राहिले. तेच आपले ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. त्यांच्या पाळीवर बसून गळ टाकणारी माणसं आपण लहानपणापासून पाहतो. गळ म्हणा की गरी, तिच्या टोकाला लावायचं काय, तर गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. मी मात्र गेली काही वर्षं गळाला केसांचा किडा बांधतो. लोक हसतात, मग जवळ येऊन विचारतात, हे काय आहे? त्याचंच हे उत्तर.

पाऊस सरल्यावर तलावाच्या काठी बेशरमाच्या किंवा धानाच्या काडीला चिकटलेलं एक तपकिरी, पोकळ टरफल तुम्ही पाहिलं असेल. पाठीवर उभी चीर असते. ती चतुराने टाकलेली कात. चतुर आपल्याला हवेत दिसतो, पण त्याचं बालपण पाण्याखाली जातं. त्या अवस्थेला इंग्रजीत निंफ म्हणतात. हे पिल्लू चिखलात, शेवाळात दबा धरून बसतं, डासांच्या अळ्या खातं, आणि वाढ पुरी झाली की बहुधा रात्री काडीवर चढून कात टाकतं. पाण्यात असताना ते माशांचं खाद्य असतं. त्याची नक्कल करून गळावर बांधायची, ही या कलेची मूळ कल्पना.

ही कला आली इंग्लंडमधून. तिथे ट्राउट माशासाठी पाण्यावर तरंगणारी नकली माशी वापरण्याचा रिवाज होता. जॉर्ज स्क्यूज या वकिलाने १९१० च्या आपल्या पुस्तकात सांगितलं की मासा बराचसा आहार पाण्याखालीच घेतो, तेव्हा माशीही पाण्याखालची हवी. जुन्या मंडळींना ते पटेना, आणि हा वाद १९३८ पर्यंत चालला. पुढे फ्रँक सॉयर या नदीच्या राखणदाराने दोऱ्याऐवजी बारीक तांब्याची तार वापरली. तिने बांधणीही होते आणि किडा बुडतोही.

आता केसच का? जनावराच्या अंगावर दोन प्रकारचे केस असतात. खाली मऊ लव, वर राठ, लांब केस. लवेचं शरीर पाणी धरून फुगीर राहतं, आणि राठ केस बाहेर येऊन पायांसारखे हलतात. प्लॅस्टिकचा किडा पाण्यात ताठ राहतो. केसांचा किडा नुसत्या प्रवाहानेही श्वास घेतल्यासारखा दिसतो.

इंग्लंडात यासाठी रानसशाच्या कानाची लव नावाजलेली आहे. इथे मात्र थांबा. आपला तालुका ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा. रानससा, मुंगूस, साळिंदर यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. रंगाच्या ब्रशांसाठी मुंगसांची किती कत्तल झाली, हे आपल्याला ठाऊक आहे. छंदाच्या चिमूटभर केसांसाठी कुणी जाळं लावलं, तर तो छंद राहत नाही, गुन्हा होतो. रस्त्यावर मेलेल्या सशालाही हात लावू नका, वनखात्याला कळवा.

आणि गरज तरी कुठे आहे? शेळीच्या अंगचे राठ केस घ्या. लवेसाठी उन्हाळ्याच्या तोंडाशी घरातल्या केसाळ कुत्र्याला विंचरा, फणीत मूठभर निघते. पाळीव पांढऱ्या सशाची गळलेली लव चहाच्या पाण्यात उकळली की छान तपकिरी होते. तीन भाग लव, एक भाग राठ केस, बोटांनी कालवून घ्या.

गळ छोट्या पकडीत घट्ट धरा. नाक्यापासून मागे वाकापर्यंत दोरा गुंडाळा. तिथे शेपटीसाठी चार-पाच राठ केस आणि तांब्याच्या तारेचं टोक बांधा. तार मोटार वाइंडिंगच्या दुकानात तुकड्यांनी मिळते. आता दोऱ्याला मेण चोळा, त्यावर केस विरळ पसरा आणि चिमटीत एकाच दिशेने वळा. लोकरीच्या धाग्यासारखी वात तयार होते. ती पुढे गुंडाळत न्या, छातीशी जरा जाड करा. मग तार उलट्या दिशेने चार-पाच वेढे घालून पुढे आणा. पोटाचे वळे दिसतात आणि केस सुटत नाहीत. नाक्यामागे गाठ मारा, आणि सुईने छातीचे केस थोडे उपसा. झाले पाय. नवशिका नेहमी केस जास्त घेतो. वाटतं त्याच्या निम्मे पुरतात.

यावर सगळे मासे येतील, असं मात्र नाही. कतला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. मरळ, शिंगाळा यांच्यासारखे किडे खाणारे मासे येतात. आणि एक लक्षात ठेवा. बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. मत्स्यबीज त्या सोडतात, ढिवर बांधवांचं पोट त्यावर चालतं. परवानगीशिवाय गळ टाकू नये.

एरवी, मासा लागो न लागो, किडा बांधणारा माणूस पाण्याकडे नीट पाहू लागतो. काठावर चतुराच्या काती दिसतात का, हे पाहायची सवय लागते. धानावर फवारलेलं औषध पावसाच्या पाण्याबरोबर तलावात उतरतं, आणि पाण्यातले किडे ते सहज सोसत नाहीत. एखाद्या वर्षी तुमच्या तलावाकाठी काती दिसेनाशा झाल्या, तर गळ बाजूला ठेवा आणि वरच्या बांध्यांमध्ये काय फवारलं गेलं, याची चौकशी आधी करा.