रमाबाई रानडे यांचे माहेर : एक चरित्रशोध

प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय स्त्रीचे चरित्र लिहावयाचे झाल्यास अभ्यासकासमोर पहिली अडचण उभी राहते ती तिच्या नावाची. विवाहानंतर तिचे नाव, आडनाव व गाव ही तिन्ही बदलत. घराण्याच्या वंशावळीत प्रायः पुत्रांचीच नोंद होई. पुण्याच्या सेवासदनाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांच्या बाबतीतही असेच घडले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या कौटुंबिक पूर्वायुष्याचा मागोवा घेतला आहे.

देवराष्ट्रे आणि कुर्लेकर घराणे

रमाबाईंचा जन्म देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. तत्कालीन कागदपत्रांत हे गाव सातारा जिल्ह्यात आढळते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. आज देवराष्ट्रे सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात आहे. त्यामुळे रमाबाईंचा शोध घेणाऱ्यास दोन्ही जिल्ह्यांची दप्तरे पाहावी लागतात. यशवंतराव चव्हाण यांचे आजोळ व जन्मस्थान म्हणून हे गाव सर्वपरिचित आहे. ते रमाबाईंचे माहेर होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

माहेरी यमुनेस अक्षरओळख झाली नव्हती. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या स्त्रीस वैधव्य येते, ही समजूत त्या काळी सुखवस्तू घरांतही दृढ होती.

विवाह : दोन बाजू

१८७३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रथम पत्नी सखूबाई यांचे निधन झाले. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असल्याने ते आता विधवेशी विवाह करतील, ही भीती त्यांच्या वडिलांना होती. त्यांनी तातडीने कुर्लेकरांची मुलगी निश्चित केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विवाह झाला. वर एकतीस वर्षांचा, वधू अकरा वर्षांची. सुधारकाने वडिलांपुढे मान तुकवली, यावर त्या वेळी टीका झाली व आजही होते. परंतु या संपूर्ण चर्चेत प्रश्न असतो तो रानड्यांच्या तत्त्वनिष्ठेचा. देवराष्ट्र्याहून पुण्यास आणलेल्या मुलीचे काय झाले असेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

त्याचे उत्तर खुद्द रमाबाईंनी दिले आहे. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हा त्यांचा ग्रंथ १९१० मध्ये, म्हणजे रानड्यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झाला. विवाहाच्या दिवशीच रानड्यांनी तिला लिहितावाचता येते का, अशी विचारणा केली व लवकरच शिक्षणास प्रारंभ झाला. मराठीनंतर इंग्रजी आले. पतीची इच्छा शिकावे अशी, तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा त्यास उघड विरोध. पती दिवसभर न्यायालयात आणि ती मात्र त्याच स्त्रियांच्या सहवासात. सुधारणेची किंमत घरात कोणी मोजली, हे या ग्रंथातून जितके स्पष्ट दिसते तितके रानड्यांच्या व्याख्यानांतून दिसत नाही. पुढे १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या व आर्य महिला समाजाच्या सभांना जाणे सुरू झाले, तेव्हा हा रोष अधिकच वाढला.

याच परिसरातील समांतर उदाहरण म्हणजे काशीबाई कानिटकर. १८६१ मध्ये अष्टे (आजचे आष्टा, जि. सांगली) येथे जन्मलेल्या काशीबाईही विवाहसमयी निरक्षर होत्या. त्यांनी १८८९ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र प्रसिद्ध केले. आनंदीबाईंना पतीकडून झालेली मारहाण त्यात दडवलेली नाही, हे विशेष होय. रमाबाईंच्या आठवणींत पतीविषयी असा सूर कोठेही नाही. ग्रंथाच्या शीर्षकातील ‘आमच्या’ हा शब्द दोघांचा असला तरी मध्यवर्ती व्यक्ती रानडे हेच आहेत आणि माहेरच्या वाट्यास थोडीच पृष्ठे आली आहेत. तथापि देवराष्ट्र्याच्या यमुनेपर्यंत पोहोचण्याचे ते प्रमुख साधन आहे.

सखूबाई

प्रथम पत्नी सखूबाई याही सातारा जिल्ह्यातीलच. वाईच्या दांडेकर घराण्यातील. त्यांनाही रानड्यांनी घरी शिकविले होते. त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत. रानड्यांच्या चरित्रांत त्यांचा उल्लेख येतो तो बहुधा विवाह आणि मृत्यू या दोन प्रसंगी.