फुंकणी आणि पंप: दम्याच्या नव्या औषधांची रायगड-मुंबई पट्ट्यातील वाटचाल

खालापूर तालुक्यातील कुंभिवली आणि तिच्या आसपासची गावे पाताळगंगेच्या खोऱ्यात वसली आहेत, आणि या खोऱ्यात कारखानदारी रुजली ती मुख्यतः पाण्याच्या आधारावर. लोणावळ्याजवळच्या वळवण, शिरवटा यांसारख्या तलावांतले पाणी बोरघाटातून मोठ्या नळांवाटे खाली उतरते, टाटांच्या खोपोली येथील १९१५ पासून चालू असलेल्या जलविद्युत केंद्रात वीज निर्माण करते आणि पुढे नदीत सुटते. त्यामुळे कोकणातल्या बहुतेक नद्या होळीनंतर आटत असताना पाताळगंगा मात्र वैशाखातही वाहती राहते. मुंबईची जवळीक आणि हे बारमाही पाणी यांच्या बळावर पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र उभे राहिले, आणि १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला या कंपनीचा कारखानाही तेथे आला. दम्याच्या रुग्णाच्या तोंडी ज्याचे नाव सरसकट ‘पंप’ असे झाले आहे, ते श्वासावाटे औषध घेण्याचे साधन भारतात घरोघरी पोहोचवण्यात या कंपनीचा वाटा फार मोठा आहे.

औषध तयार करणे आणि औषध शोधणे या दोन कामांत मात्र मोठे अंतर असते. घाटाखालच्या या पट्ट्याने, म्हणजे खालापूर-कर्जतपासून नवी मुंबई आणि मुलुंडपर्यंतच्या भागाने, पहिले काम उत्तम रीतीने साधले आहे. दुसऱ्या कामाचा येथे किमान दोनदा गंभीर प्रयत्न झाला, दोन्ही वेळा संशोधक योग्य दिशेने चालले होते, आणि तरीही दम्याचे किंवा जुनाट फुप्फुसविकाराचे नवे औषध येथून बाजारात आले नाही. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी आधी या दोन आजारांतला भेद ध्यानात घ्यावा लागतो.

दम्यात श्वासनलिकांच्या भिंतींना सूज असते आणि त्यांच्याभोवतालचे स्नायू धूळ, परागकण, थंडी किंवा विषाणुसंसर्ग अशा निमित्ताने एकाएकी आवळतात. औषध मिळाले, की आवळलेली वाट पुष्कळ अंशी मोकळी होते. दुसरा आजार सीओपीडी, म्हणजे श्वासमार्गात कायमचा अडथळा उत्पन्न करणारा जुनाट विकार. त्यात वर्षानुवर्षांच्या धुराने बारीक श्वासनलिका जाड आणि अरुंद होतात, हवेच्या पिशव्यांच्या भिंती विरतात, आणि गेलेले बळ औषधाने पुरते परत येत नाही. बोलीभाषेत दोन्हींना ‘दमा’च म्हटले जाते, आणि पुष्कळदा उपचारही एकाच मापाने होतात. जागतिक रोगभार अभ्यासानुसार २०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे ५ कोटी ५३ लाख आणि दम्याचे सुमारे ३ कोटी ७९ लाख रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के असताना, जुनाट श्वसनविकारांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्याच्या वर्षांत त्याचा वाटा ३२ टक्के होता.

धूर म्हटला की पाश्चात्त्य वैद्यकाच्या डोळ्यांपुढे सिगारेट उभी राहते. कर्जत-खालापूरच्या वाड्यांत मात्र धुराचे साधन म्हणजे चूल, आणि चुलीशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली हातभर लांबीची लोखंडी फुंकणी. ओले सरपण धरत नाही, तेव्हा बाई नळीला तोंड लावून जोराने फुंकते, निखारा लाल होतो, तिचा श्वास संपतो, आणि पुढचा खोल श्वास ती ज्या जागी घेते, तेथे धूर सर्वांत दाट असतो. पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद असतात, त्यामुळे तो धूर घरातच कोंडतो. याच्या जोडीला कातकरी कुटुंबांच्या वाट्याला वीटभट्टीचा आणि कोळसाभट्टीचा हंगाम येतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मधील लेखात दाखवून दिले, की जगातील सीओपीडीच्या रुग्णांपैकी सुमारे २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधीही धूम्रपान केलेले नसते, आणि चुलीचा धूर हे त्यामागचे जगातील बहुधा सर्वांत मोठे कारण असावे. महाराष्ट्रातून उभे राहिलेल्या वैद्यकीय विचारांत या मांडणीचे स्थान फार वरचे आहे.

या पट्ट्यातील औषधविचाराला जुनी परंपरा आहे. कोकणात कुंपणाला लावला जाणारा अडुळसा जनावरे खात नाहीत, म्हणून तो कुंपणाला सोयीचा ठरतो, आणि खोकल्यावर त्याच्या पानांचा रस देण्याची रीत घरोघरी आहे. त्यातील व्हॅसिसिन हे क्षारद्रव्य १८८८ साली वेगळे करण्यात आले, त्याच्या रचनेवरून स्फूर्ती घेऊन जर्मनीत ब्रोमहेक्सिन तयार झाले आणि १९६३ साली ते बाजारात आले. ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचे जे रूप होते, त्यापासून पुढे अँब्रोक्सॉल आले. खोकल्याच्या अनेक औषधांच्या बाटल्यांवर ही दोन नावे आजही वाचायला मिळतात. झुडूप परसातले आणि रेणू जर्मनीचा, हा क्रम पुढे एकदा उलटा होऊ शकला असता.

तो प्रसंग समजण्यासाठी पेशीच्या आतले थोडेसे यंत्रकाम पाहावे लागते. श्वासनलिकेचा स्नायू सैल पडावा यासाठी पेशीत चक्रीय एएमपी नावाच्या निरोप्या रेणूची पातळी वाढावी लागते. पाताळगंगेच्याच उपमेने सांगायचे, तर ही पेशी म्हणजे एक हौद आहे: वरून एक नळ त्यात पाणी सोडतो, खालून एक मोरी ते वाहून नेते, आणि पाण्याची पातळी चढली की स्नायू सैलावतो. नळ म्हणजे ॲडेनिलिल सायक्लेज हे विकर, आणि मोरी म्हणजे फॉस्फोडायएस्टरेज, थोडक्यात पीडीई, या विकरांचे कुटुंब. १९६९ साली ब्रिटनमध्ये आलेले साल्ब्युटामॉल पेशीच्या बाहेरची घंटा वाजवते आणि ती ऐकून नळ उघडतो. चहाच्या पानांत अल्प प्रमाणात असणारे थिओफिलिन मोरी थोडी बुजवते, पण ते अनेक मोऱ्या एकदम बुजवत असल्याने त्याचा डोस जरा चुकला तरी मळमळ, छातीत धडधड आणि झटके यांचा धोका असतो.

मुलुंडला हेक्स्ट या जर्मन कंपनीने १९७२ साली सुरू केलेल्या संशोधन केंद्रात भारतीय वनस्पतींची पद्धतशीर छाननी चालू होती. तेथे नोएल डिसोझा आणि सुजाता भट यांच्या गटाने कोलियस फोर्स्कोलाय या वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे केले आणि १९७७ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. शोधाचा रोख हृदय आणि रक्तदाब यांच्याकडे होता. १९८१ साली अमेरिकेत सीमन, पॅजेट आणि डॅली यांनी दाखवले, की फोर्स्कोलिनला बाहेरच्या घंटेची गरजच लागत नाही, ते थेट नळाला हात घालते. त्या काळी असे करणारे दुसरे द्रव्य हाताशी नव्हते, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत ते रोजच्या वापराचे रसायन झाले. १९८० च्या दशकात जर्मनीत दम्याच्या रुग्णांना ते श्वासावाटे देऊन पाहण्यात आले आणि श्वासनलिका रुंदावल्याचेही दिसले. परंतु पाण्यात न विरघळणारे आणि शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीचा नळ उघडणारे हे द्रव्य दम्याचे औषध म्हणून पुढे गेले नाही. त्याचे पाण्यात विरघळणारे एक रूप हृदयविकारासाठी जपानमध्ये वापरात आले. मुलुंडचे ते केंद्र १९९८ साली निकोलस पिरामल कंपनीकडे गेले. एखाद्या केंद्राने जगाला मूलभूत अवजार द्यावे आणि त्या केंद्राचे नाव त्याच्याच शहरात फारसे कोणाला ठाऊक नसावे, ही गोष्ट मनाला लागते.

दुसरा प्रयत्न मोरीच्या बाजूने झाला. १९७७ साली मुंबईत स्थापन झालेल्या ग्लेनमार्क कंपनीच्या नवी मुंबईतील महापे येथील संशोधन केंद्रात ‘जीआरसी ३८८६’ हा रेणू घडवण्यात आला, ज्याला पुढे ओग्लेमिलास्ट हे नाव मिळाले. पीडीईच्या कुटुंबातील चौथा सदस्य, पीडीई-४, हा दाह घडवणाऱ्या पांढऱ्या पेशींत विशेषत्वाने काम करतो, म्हणून तेवढीच मोरी बुजवली तर थिओफिलिनचे तोटे टळून सूज उतरेल, अशी ही कल्पना होती. जगातल्या अनेक बड्या कंपन्या याच कल्पनेमागे होत्या. २००४ साली अमेरिकेच्या फॉरेस्ट लॅबोरेटरीज या कंपनीने उत्तर अमेरिकेसाठी या रेणूचे हक्क घेतले. करारातील सर्व टप्पे पार पडल्यास मिळू शकणारी रक्कम १९ कोटी डॉलरपर्यंत जात होती, आणि पुढच्याच वर्षी जपानच्या तेजिन कंपनीशीही करार झाला. १९७० च्या पेटंट कायद्याने उत्पादनावर नव्हे, तर केवळ कृतीवर हक्क मान्य केल्यामुळे भारतीय कंपन्या परदेशी औषधे वेगळ्या कृतीने स्वस्तात तयार करायला शिकल्या होत्या. २००५ साली उत्पादन-पेटंट परत आले, आणि नेमक्या त्या वळणावर महाप्यातल्या एका रेणूसाठी परदेशी कंपनी पैसे मोजत होती, म्हणून त्या कराराला व्यवहारापलीकडचे मोल होते.

नव्या औषधाची वाट पायरी-पायरीने जाते. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर पारख झाल्यावर पहिल्या टप्प्यात बहुधा निरोगी स्वयंसेवकांवर सुरक्षितता तपासतात, दुसऱ्या टप्प्यात काही शे रुग्णांवर मात्रा आणि परिणाम पाहतात, तिसऱ्यात मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन खात्री करतात. मानवी चाचण्यांत उतरणाऱ्या दहा रेणूंपैकी साधारण नऊ वाटेतच गळतात, आणि सर्वाधिक गळती दुसऱ्या टप्प्यावर होते. ओग्लेमिलास्टचे तेच झाले. सीओपीडीच्या रुग्णांनी जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे या चाचणीत मोजायचे होते. ज्यांना औषध दिले आणि ज्यांना औषधासारखी दिसणारी निर्गुण गोळी दिली, त्यांच्यात ठरवलेल्या मापाइतका फरक पडला नाही, असे २००९ साली जाहीर झाले. गिनीपिगच्या श्वासनलिकेत दाह उत्पन्न करून तो काही दिवसांत उतरवता येतो. माणसाच्या फुप्फुसात तीस वर्षांत झालेली मोडतोड काही महिन्यांच्या चाचणीत तशी उतरत नाही, ही या क्षेत्रातली सर्वांत अवघड अडचण आहे, आणि तिने महाप्याप्रमाणेच लंडन-न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळांनाही हरवले आहे.

कल्पना मात्र खोटी ठरली नाही. याच जातीचे रोफ्लुमिलास्ट २०१० साली युरोपात आणि २०११ साली अमेरिकेत मंजूर झाले, जरी मळमळ, जुलाब आणि वजन घटणे यांमुळे त्याचा वापर मर्यादित राहिला. मेंदूतले उलटीचे केंद्रही पीडीई-४ वर चालत असल्याने गोळीच्या रूपात हा दोष टाळणे कठीण असते. जून २०२४ मध्ये अमेरिकेने एन्सिफेन्ट्रिन मंजूर केले. ते पीडीई-३ आणि पीडीई-४ या दोन्ही मोऱ्या एकत्र बुजवते आणि वाफाऱ्याच्या यंत्रातून थेट फुप्फुसात जाते, म्हणून पोटाला त्रास कमी होतो. साल्ब्युटामॉल घडवणाऱ्या गटाचे प्रमुख सर डेव्हिड जॅक यांचाच उत्तरायुष्यात या रेणूच्या शोधात सहभाग होता. २०२५ साली मर्क कंपनीने हे औषध असणारी व्हेरोना कंपनी सुमारे १० अब्ज डॉलरना विकत घेतली. दुसरीकडे प्रतिपिंडांची, म्हणजे दाहाचा एकेक निरोप नेमका अडवणाऱ्या प्रथिनांची इंजेक्शने आली: दम्यासाठी २००३ मध्ये ओमॅलिझुमॅब, २०१५ मध्ये मेपोलिझुमॅब, २०२१ मध्ये टेझेपेलुमॅब, सीओपीडीसाठी २०२४ मध्ये डुपिलुमॅब. ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, त्या सीओपीडीच्या रुग्णांनाच हे शेवटचे औषध उपयोगी ठरते, आणि अशा इंजेक्शनांचा खर्च भट्टीवर राबणाऱ्या कुटुंबाच्या विचारातही येऊ शकत नाही.

त्या कुटुंबाला परवडणारे साधन आजही रोटाकॅप हेच आहे. बोटाच्या पेराएवढ्या कॅप्सूलमध्ये २०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल असते, आणि ते इतके थोडे असते की पकडता यावे म्हणून त्याला दुधातल्या साखरेच्या भुकटीची जोड द्यावी लागते. प्लॅस्टिकच्या साधनात कॅप्सूल बसवून फिरवली की ती उघडते, आणि मग ओठ घट्ट मिटून जोराने, खोल श्वास ओढावा लागतो, कारण भुकटी आत नेणारे बळ रुग्णाच्या श्वासाचेच असते. १ ते ५ मायक्रॉनचे कणच बारीक नलिकांपर्यंत पोहोचतात. मोठे कण घशाला चिकटतात. ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत खेड्यांत घट्ट असल्याने पुष्कळ रुग्ण गोळीच मागतात, जी रक्तावाटे सर्व शरीरात फिरते आणि हात थरथरवते. शिवाय साल्ब्युटामॉल नुसते स्नायू सैल करते, सूज उतरवत नाही. ते काम श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचे आहे, आणि दम्याच्या रुग्णाने रोज घ्यायचे खरे औषध तेच आहे.

नव्या औषधांचा प्रश्न याहून खोल जातो. सीओपीडीच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांत प्रवेशाची एक अट असते: रुग्णाने किमान १० पॅक-वर्षे धूम्रपान केलेले असावे. रोज वीस सिगारेटींचे एक पाकीट वर्षभर ओढले, की एक पॅक-वर्ष भरते. मेक्सिकोत झालेल्या अभ्यासांत असे आढळले, की चुलीच्या धुराने होणाऱ्या सीओपीडीत हवेच्या पिशव्या कमी विरतात आणि बारीक नलिका अधिक आक्रसतात; म्हणजे आजाराचे नाव एक असले, तरी मोडतोड वेगळ्या जागी झालेली असते. तिच्यावर कोणता रेणू चालेल, हे सिगारेट ओढणाऱ्यांवरच्या चाचणीतून कळण्याची शाश्वती नाही. पाताळगंगेच्या काठी औषध तयार करण्याचे कसब आहे, महाप्याला रेणू घडवण्याचे कसब आहे, पुण्यात या आजाराचा अभ्यास करणारे डॉक्टर आहेत. चुलीच्या धुराचा सीओपीडी हाच केंद्रस्थानी धरून या तिघांनी मिळून चाचणी उभारली, तर तिचे उत्तर भारताइतकेच आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेलाही उपयोगी पडेल.

अशा चाचणीसाठी लागणारे मापही तयार आहे. मेक्सिकोच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात ‘तास-वर्षे’ हे एकक वापरले: रोज चुलीपुढे किती तास आणि अशी किती वर्षे, यांचा गुणाकार. २०० तास-वर्षांच्या पुढे धोका स्पष्टपणे वाढलेला त्यांना दिसला. कुंभिवलीच्या एखाद्या वाडीत लग्न होऊन आलेली मुलगी रोज सकाळ-संध्याकाळ मिळून पाच तास चुलीपुढे बसत असेल, तर नातवंडांना भाकरी करून घालण्याच्या वयात, चाळिसाव्या वर्षी नव्हे, लग्नानंतरच्या चाळिसाव्या वर्षी, तिचा गुणाकार २०० होतो; चाचणीच्या अर्जात मात्र पॅक-वर्षांच्या रकान्यात तिच्यासाठी शून्य लिहिले जाते.