अंतर्गत पोर्टल आणि कीड सर्वेक्षण : संदेश न देणारी चूक

कीड सर्वेक्षणाचे मोल वेळेवर अवलंबून असते. कपाशीवरील शेंदरी बोंडअळीच्या बाबतीत सलग तीन रात्री प्रति सापळा आठ किंवा त्याहून अधिक पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे मानले जाते व नियंत्रणाचा सल्ला दिला जातो. पूर्वी ही मोजणी क्षेत्र-वहीत राही. आता ती अनेक ठिकाणी संस्थेच्या अंतर्गत पोर्टलवरील यादीत भरली जाते आणि त्या यादीवरूनच साप्ताहिक अहवाल तयार होतो. म्हणून पोर्टलची रचना ही केवळ संगणक विभागाची बाब राहिलेली नाही. सापळ्यातील पतंग आणि शेतकऱ्यापर्यंत जाणारा सल्ला यांच्यामधील तो एक दुवा आहे.

प्रस्तुत लेखात शेअरपॉइंट या प्रचलित मंचाच्या आधारे, कीड-नोंदींसाठी पोर्टलमध्ये बदल करताना उद्भवणाऱ्या तीन अडचणी आणि त्यांच्या निदानाची पद्धत यांचा विचार केला आहे.

पाच हजारांची मर्यादा

शेअरपॉइंटच्या एका यादीत तीन कोटींपर्यंत नोंदी साठवता येतात. मात्र एका वेळी ५,००० हून अधिक नोंदी तपासाव्या लागतील अशी मागणी मंच नाकारतो. याचे कारण त्याखालील विदागारात आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एकाच आज्ञेसाठी सुमारे ५,००० नोंदींना कुलूप लावावे लागले, तर तो संपूर्ण तक्त्यालाच कुलूप लावू शकतो. तसे झाल्यास इतर वापरकर्त्यांचे काम खोळंबते. हे टाळण्यासाठी ही मर्यादा घातलेली आहे.

आता एक साधे गणित करू. १ ऑगस्टपासून ५० सापळ्यांची रोज एक नोंद घेतली, तर शंभराव्या दिवशी, म्हणजे ८ नोव्हेंबरला, यादीत ५,००० नोंदी होतात. दुसऱ्या दिवशी तालुक्यानुसार फिल्टर लावलेले दृश्य त्रुटी दाखवू शकते. चाचणीच्या वेळी शंभर-दोनशे नोंदींवर उत्तम चाललेले पान नेमके बोंडे भरण्याच्या व फुटण्याच्या काळात बंद पडते.

उपाय सोपा आहे, पण तो आधी करावा लागतो. ज्या स्तंभांवर फिल्टर लावायचा, उदाहरणार्थ दिनांक, तालुका, पीक, त्यांना यादी लहान असतानाच इंडेक्स द्यावा. एका यादीत असे २० इंडेक्स देता येतात. दृश्यातील पहिला फिल्टर असा निवडावा की त्यातून ५,००० पेक्षा कमी नोंदी उरतील. सर्व हंगामांसाठी एकच दिनांकाचा इंडेक्स ठेवून चालू महिन्यापुरते दृश्य दाखवणे बहुधा पुरेसे ठरते.

मराठी स्तंभनामांचा प्रश्न

क्षेत्र-सहायकांना स्तंभांची नावे मराठीत हवी असतात आणि ती असावीतही. मात्र स्तंभ तयार होताना शेअरपॉइंट त्याला एक आंतरिक नाव देतो. दर्शनी नाव पुढे कितीही वेळा बदलले तरी हे आंतरिक नाव बदलत नाही. त्याची लांबी सामान्यतः ३२ चिन्हांपुरती असते आणि त्यात देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रांसह, सात चिन्हांच्या संकेतात रूपांतरित होते. परिणामी चार अक्षरचिन्हांनंतर नाव तुटते.

‘सापळ्यातील नर’ आणि ‘सापळ्यातील मादी’ असे दोन स्तंभ केले, तर दोहोंची आंतरिक नावे जवळजवळ सारखीच होतात. केवळ शेवटी जोडलेल्या अंकाने ती वेगळी राहतात. विकसकाने आज्ञावली लिहिताना त्यांपैकी चुकीचे नाव घेतले, तर अहवाल तयार होतो, कोणतीही त्रुटी दिसत नाही, पण त्यातील आकडे दुसऱ्याच स्तंभाचे असतात. यावर खात्रीचा मार्ग असा : स्तंभ प्रथम रोमन लिपीतील छोट्या, जोडाक्षर वा मोकळी जागा नसलेल्या नावाने तयार करावा आणि नंतर दर्शनी नाव मराठीत बदलावे.

साडेपाच तासांचे अंतर

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे, कारण ती मुळीच दिसत नाही. शेअरपॉइंट दिनांक जागतिक प्रमाणवेळेत साठवतो. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. केवळ दिनांक भरला तरी तो त्या दिवसाच्या मध्यरात्रीचा क्षण मानला जातो. त्यामुळे २२ ऑक्टोबरची नोंद प्रत्यक्षात २१ ऑक्टोबर, १८.३० वाजता अशी साठवली जाते. पोर्टलच्या पानावर ती २२ ऑक्टोबर अशीच दिसते. परंतु विकसकाने आज्ञावलीद्वारे नोंदी बाहेर काढून केवळ दिनांकाचा भाग घेतला, की ती २१ ऑक्टोबरची होते.

प्रमाण हवामान सप्ताहांच्या गणनेनुसार ४२ वा सप्ताह १५ ते २१ ऑक्टोबर आणि ४३ वा सप्ताह २२ ते २८ ऑक्टोबर असा आहे. म्हणजे पतंगांची मोजणी एका सप्ताहातून दुसऱ्यात सरकते आणि पाऊस, आर्द्रता व तापमान यांच्याशी जोडताना ती चुकीच्या आठवड्याशी जोडली जाते.

सर्वच नोंदी एका दिवसाने सरकल्या, तर सलग तीन रात्रींचा निकष निदान टिकतो. काही नोंदी पोर्टलवरून आणि काही एक्सेलच्या तक्त्यातून आल्या, तर तोही मोडतो. समजा, २१, २२ आणि २३ ऑक्टोबर या तिन्ही रात्री पतंगांची संख्या आठच्या वर आहे. त्यांतील २१ ची नोंद तक्त्यातून योग्य दिनांकासह आली आणि उरलेल्या दोन पोर्टलमधून सरकून आल्या. मग २१ तारखेला दोन नोंदी, २२ ला एक आणि २३ ला शून्य असे चित्र दिसते. प्रत्यक्षात ओलांडलेली पातळी अहवालात ओलांडलेली दिसत नाही आणि सल्ला निघत नाही.

म्हणून नोंदी बाहेर काढताना वेळ प्रथम भारतीय वेळेत रूपांतरित करावी आणि मगच दिनांक घ्यावा. पोर्टलच्या प्रादेशिक मांडणीत भारताचे वेळक्षेत्र निवडलेले आहे, याचीही खात्री करावी.

निदानाची पद्धत

पीक पिवळे पडले की कारण न शोधता फवारणी करू नये, असे आपण शेतकऱ्यांना सांगतो. पोर्टलच्या बाबतीतही हाच क्रम योग्य आहे. अडचण एकालाच येते की सर्वांना, एकाच पानावर येते की सर्वत्र, आणि ती सुरू होण्यापूर्वी काय बदलले, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत. ब्राउझरमधील विकसक-साधनांत दिसणारा संकेतांक बरेच काही सांगतो. ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४०४ म्हणजे पत्ता सापडत नाही. ४२९ म्हणजे अल्पावधीत फार मागण्या आल्या. सर्व क्षेत्र-सहायकांची उपकरणे सोमवारी सकाळी एकाच वेळी नोंदी पाठवत असतील, तर ४२९ दिसणे स्वाभाविक आहे. अशा वेळी मंचाने सुचवलेल्या अवधीनंतरच पुन्हा प्रयत्न होईल, अशी आज्ञावली लिहावी. त्रुटीसोबत येणारा लांबलचक ओळख-क्रमांक वेळेसह टिपून ठेवावा, कारण प्रशासकाला मूळ नोंद त्यावरूनच सापडते.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच घटक बदलावा आणि तोही प्रथम चाचणीच्या स्वतंत्र संकेतस्थळावर. नियंत्रण प्रक्षेत्राशिवाय प्रयोगाचा निष्कर्ष काढता येत नाही, तसेच हे आहे.

बदल जितके कमी, तितके टिकाऊ. पूर्वी संपूर्ण संकेतस्थळाच्या मूळ साच्यातच फेरफार केले जात आणि मंचाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ते मोडण्याची भीती असे. २०१७ पासून उपलब्ध असलेल्या शेअरपॉइंट फ्रेमवर्कमुळे पानावर स्वतंत्र घटक बसवता येतो आणि तो बिघडला तर तेवढाच काढता येतो. ऑनलाइन आवृत्तीत २०१० च्या पद्धतीचे वर्कफ्लो नोव्हेंबर २०२० पासून बंद करण्यात आले. मंजुरीची साखळी त्यांवर बेतलेल्या संस्थांना ती नव्याने बांधावी लागली. मंचात जे मुळातच उपलब्ध आहे ते वापरावे आणि स्वतंत्र आज्ञावली केवळ अपरिहार्य तेथेच लिहावी.

हंगामापूर्वीची तपासणी

बंद पडलेले पान तासाभरात सर्वांच्या लक्षात येते. सरकलेला दिनांक किंवा अदलाबदल झालेला स्तंभ हंगामभर कुणाच्या लक्षात येत नाही. आज्ञावली नियमानुसार चालत असल्याने विकसकाला तो दिसत नाही आणि आकडे संभाव्य वाटत असल्याने कीडशास्त्रज्ञालाही शंका येत नाही. म्हणून पेरणीपूर्वी दोघांनी एकत्र बसून एक छोटी चाचणी करावी. दहा ज्ञात नोंदी पोर्टलवर भराव्यात, सप्ताहाच्या पहिल्या व शेवटच्या दिवसाच्या नोंदी त्यांत अवश्य असाव्यात, आणि तयार झालेला अहवाल क्षेत्र-वहीशी ओळीने ताडून पाहावा. त्यानंतर यादीत सहा हजार कृत्रिम नोंदी भरून सर्व दृश्ये उघडतात का ते तपासावे आणि त्या काढून टाकाव्यात. या कामास अर्धा दिवस पुरतो. क्षेत्र-वही मात्र हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी, कारण पोर्टलवरील आकडा ताडून पाहण्याचे अंतिम साधन तीच असते.