उद्याचा शिक्षक कुठे घडतो?

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. 'एकवीस, बावीस' या रूढ वाचनाबरोबर पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी रीतही दिली होती. भाषा बिघडेल, असे एका बाजूचे म्हणणे होते. विधिमंडळात टोलेबाजी झाली, मोबाइलवर विनोद फिरले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण कोणती आहे हे शांतपणे सांगितले. मात्र या सगळ्या गदारोळात एक माणूस चर्चेत फारसा आलाच नाही: ते पुस्तक हातात घेऊन वर्गात उभा राहणारा शिक्षक.

अडचण खरी होती. मराठीत आपण एकक आधी उच्चारतो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी लिहितो. 'पंचवीस' ऐकून एखादे मूल ५२ लिहिते, तेव्हा ते निष्काळजी नसते. कानावर पाच आधी आले, म्हणून त्याने पाच आधी लिहिले. कन्नड किंवा तेलुगू मुलाला हा अडथळा येत नाही, कारण त्या भाषांत दशक आधी बोलतात. ही गोष्ट ज्याला कळली तो शिक्षक 'पंचवीस' ठेवूनही मुलाला पुढे नेईल. ज्याला कळली नाही, तो 'वीस पाच'सुद्धा पाढ्यासारखे घोकून घेईल. पुस्तक बदलेल, वर्ग होता तसाच राहील.

आणखी एक उदाहरण घेऊ. ३२ वजा १७ या गणिताचे उत्तर मूल २५ लिहिते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन वजा केले. मोबाइल १५ हे उत्तर क्षणात देतो, विचारले तर रीतही समजावतो. मग शिक्षकाचे काम काय उरले? तीस मुलांत २५ कोणी लिहिले हे पाहणे, 'कसं केलंस, सांग बघू' असे विचारणे, उत्तर ऐकून घेणे आणि काड्यांचा एक गठ्ठा सोडून दाखवणे. माहिती स्वस्त झालेल्या जगात शिक्षकाचे मोल या ऐकण्यात आहे. प्रश्न असा, की हे ऐकणे तो स्वतः कुठे शिकतो?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली. शाळा संपेपर्यंत प्रत्येक विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांना पाहत असतो. शिक्षकी पेशाची ही न कळत झालेली उमेदवारीच. पण ती बाकावरून झालेली. शिक्षक फळ्यावर काय लिहितो हे दिसते. तसे का लिहितो, हे दिसत नाही. आता आपल्याकडचा हिशेब मांडू. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात २० आठवड्यांची आंतरवासिता आली. आठवड्याचे सहा दिवस आणि दिवसाचे सहा तास धरले, तर ७२० तास होतात. लॉर्टींचा आकडा याच्या अठरा पट आहे. म्हणून नवा शिक्षक गोंधळला, की आपल्या जुन्या गुरुजींसारखाच वागू लागतो.

हे ७२० तास तरी कसे जातात? पाठटाचण लिहायचे, तक्ते रंगवायचे, सराव पाठ घ्यायचा, निरीक्षकाची सही घ्यायची. मुलाच्या चुकीमागचा विचार शोधायला या साच्यात जागा कमीच. आणि गंमत अशी, की 'कृतियुक्त अध्ययन' हा विषय छात्राध्यापकाला बहुधा व्याख्यानातूनच शिकवला जातो.

शिक्षक घडवण्याचा विचार आपल्याकडे झालाच नाही, असे नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, असे सुचवले. त्याला नांगर किंवा सुताराचे हत्यार धरायची लाज वाटू नये. त्याला रीतसर प्रशिक्षण मिळावे आणि पगार किमान १२ रुपये असावा. शिक्षक कोण, त्याची तयारी कोणती आणि त्याचे पोट कसे भरेल, हे तीन प्रश्न त्यांनी एकत्र मांडले. आपण ते पुन्हा सुटे केले. महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये १६,००० रुपये झाले. त्याआधी ते महिना ६,००० होते.

दुसरा दाखला कोसबाडचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे वापरले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. बाईंना काय शिकायचे ते समोरच्या मुलांनी ठरवले. ही तयारी केवळ व्याख्यानातून होणारी नव्हती.

याच्या उलट चित्र डी.एड. विद्यालयांचे. एके काळी हमखास नोकरीचा रस्ता म्हणून ती गावोगाव उभी राहिली. त्यांच्या मान्यतेचा खटला महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०११ मध्ये न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. प्रत्येक अध्यापक शिक्षण संस्थेला प्रयोगशाळेसारखी स्वतःची शाळा जोडलेली असावी, ही आयोगाच्या २०१२ च्या अहवालातली शिफारस मला सर्वांत मोलाची वाटते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता ठरवली आहे. वर्षे वाढतील. पण त्या वर्षांत छात्राध्यापक कोणासमोर बसेल, व्याख्यात्यासमोर की मुलांसमोर?

माझ्या मते तीन गोष्टी आजही करता येतील. पहिली, प्रत्येक छात्राध्यापकाने पाठटाचणाबरोबर 'चुकांची वही' ठेवावी: मुलाने काय लिहिले, विचारल्यावर काय सांगितले, मग आपण काय केले. गुण त्या वहीला द्यावेत. दुसरी, अध्यापक विद्यालयातल्या प्राध्यापकांनी आठवड्यातून एकदा खऱ्या वर्गात, छात्राध्यापकांच्या देखत शिकवावे. फसलेला तासही त्यांना पाहू द्यावा. तिसरी, नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत जवळच्या शाळेतला एक अनुभवी शिक्षक सोबतीला द्यावा, तपासणीला नव्हे. याला नवे पोर्टल लागत नाही. लागेल तो वेळ. आणि तो द्यायचा, तर शिक्षकाच्या डोक्यावरची माहिती भरण्याची कामे आधी उतरवावी लागतील.